देवयानीचे चाळीस फोटो

शॉमबर्गच्या आमच्या बॅकयार्डातून देवयानी आकाशगंगेचा एक धड फोटो काढायचा, यासाठी तीन महिने मी फिल्टर निवडत होतो. जुना फिल्टर रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड अडवायचा. ते दिवे गेले, पांढरे एलईडी आले आणि फिल्टर कुचकामी झाला. तेजोमेघांसाठीचा घेतला, तर त्याने देवयानीलाच गिळलं. तिच्या उजेडात सगळे रंग, एलईडीतही जवळपास तेच. त्यांना वेगळं करणारा फिल्टर नसतो, हे शहाण्याला आठवड्यात कळलं असतं.

सगळ्यात जास्त उजेड यायचा तो शेजारच्या केदारच्या डेकवरच्या दिव्याचा. केदार ऑफिसात होता, रात्री उशिराच येणार होता. नागपूरहून आलेल्या त्याच्या आईला, उल्काकाकूंना, मी गाठलं.

"काकू, आज रात्री तेवढा दिवा बंद ठेवाल?"

"अरे, एवढंच ना रवींद्र? ठेवते की. फोटो दाखव मात्र."

थंडी मी म्हणत होती. खिडक्या लावून मी आत लॅपटॉपसमोर बसलो. बाहेर कॅमेरा तीन-तीन मिनिटांचे फोटो आपोआप घेत होता. रात्री आठ वाजताच्या फोटोत कडेला केदारच्या किचनच्या दाराचा उजेड चमकला. दार लगेच लोटलं गेलं असावं. तो फोटो मी उडवला. पुढचे चाळीस मात्र स्वच्छ. मी खूश होतो, सांगायला लाज वाटते. दहा वाजता स्क्रीन पांढराफटक झाला. केदारने घरी येऊन दिवा लावला म्हणून मी शिवी हासडली. मग अ‍ॅम्ब्युलन्स आली.

रात्री दव गोठणार म्हणून काकू तुळशीची कुंडी आत घ्यायला बाहेर आल्या होत्या. माझ्या फोटोसाठी दार ओढून घेऊन, अंधारात. डेकच्या पायऱ्यांवरून त्या कोसळल्या. हाका मारल्याच असतील.

हॉस्पिटलात केदारने माझा हात धरला. "यार, डॉक्टर विचारतायत, आई किती वेळ थंडीत पडली होती? तू घरीच होतास ना, काही आयडिया?"

दोन तास. मला मिनिटासकट माहीत होतं.

"साडेनऊपर्यंत तर तुमच्या किचनमध्ये हालचाल दिसत होती," मी म्हणालो. "फार तर अर्धा तास."

केदार धावत आत गेला आणि त्याने डॉक्टरांना तेच सांगितलं. काकू पहाटे गेल्या.

तेराव्याला केदारने मला स्वतः वाढलं. म्हणाला, "अर्धाच तास होती रे ती. तू सांगितलंस म्हणून मला झोप तरी लागते."

मी पानातलं सगळं संपवलं.