एकाच नावाचे दोनशे पहारेकरी

मी अँटिव्हायरस बोलतोय. दचकू नका, तुमच्या कुठल्याही फाइलला धोका नाही. एरवी मी तोंड उघडलं की माणसं कोपऱ्यातली फुली शोधतात आणि माझं बोलणं मिटवून टाकतात. आज तेवढी ती फुली विसरा. गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

माझा मुक्काम एका मालवाहतूक कंपनीत. तिथे टेबलावर नुसता पडदा, कीबोर्ड आणि डब्याएवढं एक खोकं. खरं काम चालतं तळमजल्यावरच्या थंड खोलीत, लोखंडी कपाटात. तिथे एक नमुन्याचा संगणक तयार करून ठेवलाय. शिंप्यानं एकच माप कापावं आणि त्यावरून सगळ्या गावाचे सदरे बेतावेत, तशा त्याच्या प्रती काढतात. सकाळी माणूस कामावर आला की त्याला कोरी करकरीत प्रत मिळते. संध्याकाळी तो उठला की ती मोडीत. मी त्या नमुन्यातला मूळ पहारेकरी. नमुन्याच्या जेवढ्या प्रती, तेवढा मी. दोनशे टेबलं, म्हणजे दोनशे मी! एवढं मोठं खटलं, आणि मी मूळ सोडला तर एकालाही कालचं काही आठवत नाही.

मला बसवलं सिस्टिमवाल्या ताईंनी. कंपनीतले सगळे संगणक त्याच सांभाळतात. आमच्या धंद्याचा एक साधा नियम आहे. प्रती काढायच्या आधी नमुन्यातल्या पहारेकऱ्याची ओळख पुसायची. मग प्रत्येक प्रत जागी झाली की आपापलं वेगळं नाव मागून घेते. ताई तेच करायला बसल्या होत्या, तेवढ्यात मालकांचे मेहुणे आत आले. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे.

"अजून काय चाललंय, ताई?"

"ओळख पुसतेय. थोडा वेळ द्या."

"पुसायची कशाला? सगळे एकाच घरातले ना? मग एकच नाव चालेल. माझ्या तिन्ही गाड्यांना एकच ड्रायव्हर आहे, काही अडलंय?"

"तिन्ही गाड्या एकदम रस्त्यावर येत नाहीत ना, साहेब."

"वाद नको. बटण दाबा."

ताईंनी दाबलं. नमुना उचलला होता बिलिंगच्या काकूंच्या जुन्या संगणकावरून. त्यामुळे आम्हा दोनशे जणांच्या छातीवर एकच बिल्ला लागला: 'बिलिंग एक'. म्हणजे काकूंचं टेबल.

आता आमची सकाळ ऐका. ऑफिस उघडलं की दोनशे पहारेकरी एकदम जागे होणार, कालचं सगळं विसरलेले. मग दोनशे जण एकदम नव्या व्हायरसांची यादी मागणार आणि त्याच त्या फाइली दोनशे ठिकाणी उलटसुलट तपासणार. एकच पेटी दोनशे जकातवाल्यांनी उघडून बघितली तर ट्रक हलेल का? पडदे गोठायचे, माणसं चहाला जायची. जाता जाता म्हणायची, "अँटिव्हायरसनं मशीन खाल्लं." खाल्लं घाईसाहेबांच्या घाईनं, ढेकर मात्र माझ्या नावावर.

ताईंच्या देखरेखीच्या पडद्यावर काय दिसायचं? एक यंत्र, एक हिरवा ठिपका. बाकीची कुठे गेली, हे ताईंनी दोनदा मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, "हिरवं आहे ना? मग राहू दे की." पाहुणे आले की त्यांना तो ठिपका मुद्दाम दाखवायचे. "एवढी मोठी कंपनी, पण एक तक्रार नाही!" पाहुणेही माना डोलवायचे. हिरवा रंग दिसला की माणसाची अक्कल बिनपगारी रजेवर जाते, हे मी तेव्हा शिकलो.

एके दिवशी मेलमधून एक फाइल आली. वर लिहिलेलं, 'अभिनंदन, भाग्यवान विजेते! जहाजाची सफर मोफत.' कुणीतरी ती उघडली. मी तिचं बखोट धरलं आणि ओरडलो. पण ओरडताना नाव सांगावं लागतं, आणि मला दिलेलं नाव एकच. पडद्यावर उमटलं: 'बिलिंग एक'.

मालक तरातरा हॉलमध्ये आले. "काकू, या वयात कसली बक्षिसं शोधताय?"

हॉल फिदीफिदी हसला. काकू या कंपनीत एकच ट्रक होता तेव्हापासून बिलं करतायत. त्या उभ्या राहिल्या.

"मी असली फाइल उघडलेली नाही."

"मग संगणक खोटं बोलतो?"

काकू खाली बसल्या. आठवड्यात पुन्हा तोच प्रकार झाला. या वेळी मालकांनी बजावलं, "आणखी एकदा झालं की उद्यापासून येऊ नका." एवढ्या वर्षांची नोकरी आणि अब्रू माझ्या एका ओरड्यावर टांगली गेली. गप्प बसावं तर व्हायरस शिरणार, ओरडावं तर काकू जाणार. सांगा, पहारेकऱ्यानं करावं काय?

मी ओरडलो. तेच माझं काम. तिसऱ्यांदा 'बिलिंग एक' लाल झालं आणि मालक म्हणाले, "संपलं! काकूंचं पत्र तयार करा."

ताई जागेवरून उठल्या. "काकू रजेवर आहेत, साहेब. त्यांचं खोकं बंद आहे."

"घरून उघडली असेल," घाईसाहेब म्हणाले.

"सुनेचं बाळंतपण आहे. त्या दवाखान्यात आहेत."

"मग दवाखान्यातून!" घाईसाहेब भलते चिवट.

ताईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सगळ्यांनी काम साठवून उठा. मी एकेक रांग बंद करते. ओरडा थांबेल तिथे फाइल."

पहिली रांग विझली. मी ओरडतोच आहे. दुसरी विझली, बिलिंग विझलं, हिशेबनीस विझले. माझा गळा चालूच, कारण फाइल अजून उघडीच होती. शेवटी सगळ्या मजल्यावर एकच पडदा उजळ राहिला, मालकांच्या काचेच्या खोलीतला.

"तुमचा बंद करू, साहेब?"

"माझा कशाला?"

ताईंनी केला. मी गप्प झालो. घाईसाहेबांना अचानक छताचा रंग फार आवडला.

"मी फक्त बघत होतो," मालक पुटपुटले, "सफर खरी आहे का ते."

त्याच दुपारी ताईंनी माझी ओळख पुसली. नमुन्यातल्या फाइली एकदाच नीट तपासून त्यांवर शिक्का मारला, म्हणजे प्रतींनी त्या पुन्हा चिवडायला नकोत. तपासणीच्या वेळाही पुढेमागे वाटून दिल्या. या खेपेला 'बटण दाबा' म्हणायला घाईसाहेब फिरकले नाहीत. पडद्यावर दोनशे ठिपके उगवले. काही पिवळे, काही चक्क लाल.

मालक घाबरले. "एवढे आजार कुठून आले?"

"आधीचेच आहेत, साहेब, लोकांच्या मेलमध्ये आणि साठवलेल्या फाइलींत. आता दिसतात."

काकूंना फोन गेला. त्या म्हणाल्या, "येते. पण हॉलमध्ये सगळ्यांदेखत बोललात, तिथेच उभं राहून परत घ्या."

काकू आल्या. मालक हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि आपल्या शर्टाच्या बटणाला उद्देशून म्हणाले, "काकूंची चूक नव्हती."

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

"काकूंची चूक नव्हती!"

"मग कोणाची होती?"

कुणीतरी खोकलं. मालकांनी दाराकडे बघितलं, पण दारात ताई उभ्या होत्या.

"माझी," मालक म्हणाले.

"आता गेलं ऐकू." काकूंनी खुर्ची ओढली आणि बिलांचा गठ्ठा पुढे घेतला.

मी अजून त्याच थंड खोलीत आहे. ताई अधूनमधून नमुना उघडतात, मला नव्या व्हायरसांची ओळख करून देतात, माझं नाव पुसतात आणि मगच प्रती काढतात. माणसं अजूनही मला शिव्या घालतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, चौकीदाराला कोण हार घालतं? फक्त एवढी विनंती आहे. आम्हाला कामाला लावायच्या आधी ज्याचं त्याला वेगळं नाव द्या. मग शिव्या खुशाल घाला, पण ज्याच्या त्याला घाला.