ठेच द्यायची कोणाला?

या संगीताला ठेच हे नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं नाचताना सपाटून आपटी खाल्ली असणार. गोदीच्या मागे, लोकरीच्या जुन्या गोदामात दर शनिवारी हे संगीत वाजायचं. ढोल डोंगरातून कामाला आलेल्या माणसांचा, अकॉर्डियन खलाशांनी आणलेलं, आणि क्लॅरिनेट एका मोडलेल्या लष्करी बँडमधली. या तिघांचं आपसात पटावं असं काही नव्हतं. पण एकाच गल्लीत राहून, भिंतीपलीकडचा आवाज शिव्या घालत ऐकून ऐकून त्यांचं जमलं. आता त्यातलं कुठलं कोणाचं हे वेगळं काढायला कोणी बसलं असतं, तर गल्लीनं त्याला वेड्यात काढलं असतं.

खरी गंमत ढोलाची. गाणं ऐन रंगात आलं की ढोलवाली एक ठोका गाळते. नाचणारे अडखळतात आणि पडू नये म्हणून हाताशी येईल त्याला धरतात. ठोका कुठे गाळायचा हे ठरलेलं नसतं. ढोलवाली नाचणाऱ्यांचे पाय बघत असते. कोण दमलंय, कोण भांडून पाठ फिरवून नाचतंय, कोणाला कोणाच्या जवळ जायचंय आणि हिंमत होत नाहीये, हे तिला पायांवरून कळतं. ते दोघे शेजारी आले रे आले की ती ठेच देते. गल्लीतली निम्मी लग्नं आणि तुटता तुटता वाचलेले कितीतरी संसार आपल्यामुळेच, असं ही ढोलवाली चारचौघांत सांगायची. नम्रपणाशी तिचं कधी जमलं नाही.

दिवसा ती लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर असायची. तिथेच एका सकाळी तिचा धाकटा भाऊ आला. एके काळी तो तिच्या शेजारी बसून क्लॅरिनेट वाजवायचा. आता तो संगीतशाळेत शिकवत होता आणि शहराच्या संगीत मंडळावर होता.

"ताई, जरा बाहेर येतेस?"

"चादरी कोण करेल? इथंच बोल."

बोलायचं काय ते तिला ठाऊक होतं. शहरानं गोदामाची दुरुस्ती काढली होती, आणि दुरुस्तीनंतर ते अस्सल ठेच वाजवणाऱ्या एकाच बँडला मिळणार होतं. अस्सल कोण हे मंडळ ठरवणार होतं. नियम भावानंच लिहिले होते: ढोल, अकॉर्डियन आणि क्लॅरिनेट. विजेवर चालणारं काहीही नको. पंचाईत अशी की भावानं बँड सोडल्यावर त्याच्या जागी उभी राहिली होती त्याचीच मुलगी, आणि ती वाजवत होती इलेक्ट्रिक गिटार.

"एक दिवस पोरीला घरी ठेव," भाऊ म्हणाला. "क्लॅरिनेटला माझा एखादा विद्यार्थी घे. अस्सलपणाचा शिक्का मिळू दे. मग गोदामात काय वाजवायचं ते वाजव, मी काही बघायला येणार नाही."

"म्हणजे खोटं वाजवून खरं ठरायचं."

"ताई, तुला सगळ्याची थट्टा सुचते. उद्या कोणीही उठेल, बटण दाबेल आणि म्हणेल ही ठेच. मग बाबांनी जन्मभर ढोलावर जे केलं त्यातलं उरणार काय?"

हे अगदीच चुकीचं नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. भाची पहिल्यांदा आली तेव्हा गिटारीबरोबर ठेका धरणारं एक यंत्र घेऊन आली होती. आत्याला मध्ये मध्ये विसावा मिळावा म्हणून तिनं गाळलेला ठोकाही त्यात भरून ठेवला होता, ठरावीक अंतरावर. दुसऱ्याच गाण्याला लोकांना कळलं की आता येणार, आणि ते आधीच पाय सावरून घ्यायला लागले. कोणी अडखळलं नाही, कोणी कोणाला धरलं नाही. आत्यानं भर गाण्यात जाऊन यंत्राची वायर उपटली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कोणाचे पाय बघतं गं?" पोर रडली, रुसली, आणि पुढच्या शनिवारी फक्त गिटार घेऊन आली. तेव्हापासून ती स्वतःच्या बोटांकडे न बघता समोर बघून वाजवायला शिकत होती.

"क्लॅरिनेट आली तेव्हा काय झालं होतं, आठवतंय?" ढोलवालीनं विचारलं. "डोंगराकडच्या म्हाताऱ्यांनी बाबांशी बोलणं टाकलं होतं. ढोलाची भोंग्याशी सोयरीक केली म्हणाले."

"ती गोष्ट वेगळी होती."

"हो का? तेव्हा भोंगा तू वाजवत होतास म्हणून?"

भाऊ लालबुंद झाला. "गोदाम हातचं जाईल, ताई. मग वाजव गिटार हवेत."

तो गेल्यावर तिनं चादर जळेपर्यंत इस्त्री दाबून धरली. गोदाम जाईल हे तिलाही दिसत होतं. त्या लाकडी जमिनीवर तिचे आईबाप नाचले होते, आणि अशी मोठी, मोकळी जमीन गल्लीत दुसरी नव्हती.

मंडळाच्या खोलीत गालिचा होता आणि जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. समोर लांब टेबल. मधोमध अध्यक्षबाई, कडेला भाऊ, बाकीचे सभासद आजूबाजूला. आधीच्या बँडमधली पोरं एकसारखे कोट घालून आली होती. ती फार सुंदर वाजवत होती. दर फेरीला ठेच त्याच जागी, सुईच्या टोकावर. ती आली की सभासद माना डोलवत होते. एकानं तर ती यायच्या आधीच बोट वर करून ठेवलं होतं.

मग ढोलवालीची पाळी आली. मागोमाग अकॉर्डियन घेऊन शिंपी, जो दिवसा कपडे शिवायचा आणि कधीच काही बोलायचा नाही, आणि शेवटी गिटार घेऊन भाची. भावानं मान खाली घातली.

"गिटार नियमात बसत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळवलं होतं."

"गिटारीचं नंतर बघू," ढोलवाली म्हणाली. "आधी सांगा, नाचणार कोण?"

"कोणी नाही. आम्ही ऐकणार आहोत."

"मग ठेच द्यायची कोणाला? मला पाय लागतात. टेबलाखाली आहेत ते बाहेर काढा."

कोणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "बाई, आत्ता तीन पोरांनी इथे बसूनच वाजवली."

"त्यांनी ठोका गाळला. छान गाळला. पण अडखळलं कोण? तुमच्यापैकी एकाच्या तरी हातातलं पेन पडलं?"

तिनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि भावाकडे बघितलं. बाकीचे नाही उठले तर नाही उठले, पण हा उठेल असं तिला वाटत होतं. याला नाचायला तिनंच शिकवलं होतं. भावानं समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला नाही, परत ठेवला. खोलीत कोणी हललं नाही. शेवटी अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर भाचीचा बांध फुटला. "आत्या, एक गाणं! एक गाणं वाजवलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी बाहेर बसले असते! आता गोदाम गेलं. तुझ्या हट्टापायी गेलं!"

"हो. माझ्या हट्टापायी."

"तुला वाईटसुद्धा वाटत नाही?"

"वाटतंय," ढोलवाली म्हणाली. "रडावंसं वाटतंय मला. पण रडत बसले तर त्यांना वाटेल, चुकले म्हणून रडते. ढोलाची खोळ काढ."

शिंप्यानं न विचारता अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर घेतला. मंडळाच्या दारातच, रुंद दगडी पायऱ्यांवर त्यांनी मांडणी केली. गिटारीचा छोटा स्पीकर बॅटरीवर चालणारा होता. कचेऱ्या सुटायची वेळ होती. पहिल्या गाण्याला लोक नुसते थांबले. दुसऱ्याला दोन परिचारिका पिशव्या खाली ठेवून नाचायला लागल्या, मग एक पोस्टमन, मग पोस्टमनला नको नको म्हणणारी त्याची बायको. ढोलवालीला पाय मिळाले. तिनं अशी ठेच दिली की बायकोनं पोस्टमनच्या गळ्यातली पिशवीच धरली, आणि पायऱ्यांवर हशा पिकला.

तेवढ्यात मंडळाचं दार उघडलं. अध्यक्षबाई तावातावानं बाहेर आल्या, मागे भाऊ. निकाल त्याच्या तोंडावर लिहिलेला होता. तो वरच्या पायरीवर उभा राहिला, हात खिशात. ढोलवाली परिचारिकांकडे बघत होती, तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. भाचीचं होतं. बापाचा उजवा बूट टाचेवर वर-खाली होत होता. आधी नुसतं टोक, मग अख्खा पाय. मग तो एक पायरी खाली उतरला, ठेक्यात.

आणि भाचीनं ठेच दिली. ढोलानं नाही, गिटारीनं. सगळ्या तारा एकदम हातानं दाबल्या. ढोलवालीचा ठोका एकटाच पोकळीत पडला. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः अडखळली, काठी हातातून उडाली, आणि पडू नये म्हणून तिनं शिंप्याला धरलं. वर भावाचा तोल गेला. त्यानं आंधळेपणानं हात टाकला तो अध्यक्षबाईंच्या खांद्यावर, आणि बाईंनी त्याला दोन्ही हातांनी घट्ट पकडलं.

ढोलवाली आधी भाचीकडे बघत राहिली. मग इतकी मोठ्यानं हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मला!" ती ओरडली. "कार्टीनं मला ठेच दिली!"

अध्यक्षबाईंनी भावाला सोडलं, कोट सारखा केला. "हे ताबडतोब बंद करा. गोदामाचा निर्णय झालेला आहे. आणि तुम्हाला ठेच हे नाव लावता येणार नाही."

"ताई," भाऊ म्हणाला. "माझं एकट्याचं मत पडलं तुझ्या बाजूनं. उशिरा हात वर केला मी. आत उठायला हवं होतं."

"हवं होतं," ढोलवाली म्हणाली. तिनं त्याला माफ केलं नाही, पण तिथून जायलाही सांगितलं नाही. पोस्टमनच्या बायकोनं काठी उचलून आणून दिली, ती तिनं घेतली.

"बाई, गोदाम त्या पोरांना द्या, नाव त्यांना द्या, शिक्का द्या," ती अध्यक्षबाईंना म्हणाली. "आम्ही दर शनिवारी इथंच येणार. तुमच्या दारात. हाकलायचं तर खाली उतरून हाकला, आणि उतरताना पाय जपून टाका, कारण आता आम्ही दोघी बघतोय."

मग तिनं भाचीला मान हलवून खूण केली, आणि सुरुवात पोरीला करू दिली.