जनूची सनई आणि नाथाचा ढोल

शके १९४७, आश्विन शुद्ध एकादशी, शुक्रवार, दिनांक ३ ऑक्टोबर २०२५. स्थळ : रोहे, धावीर महाराजांच्या देवळाजवळचा एक मांडव. पोलिसांची सलामी होऊन पालखी गावात शिरली होती आणि गडब गावचा खालू बाजा, म्हणजे सनई, ढोल आणि टिमकीचा ताफा, आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता.

मी पेणहून आलो होतो तो ढोलवाल्या नाथाची साक्ष लिहून घेण्यासाठी. सनईवाला जनू ठाकूर हा माझा पक्षकार. तोफखान्यातली नोकरी संपवून तो परतला तो दोन्ही कान अधू करून. अपंगत्वाच्या पेन्शनीचा त्याचा अर्ज वैद्यकीय मंडळाने फेटाळला. त्याच्या बापालाही ऐकू कमी येत असे, तेव्हा हा दोष घराण्यातला आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही, असा त्यांचा निष्कर्ष. आता अखेरचे अपील उरले होते. माझा युक्तिवाद सरळ होता : भरतीपूर्वी या माणसाचे कान निर्दोष होते, आणि त्याला त्याच्या सनईइतका सबळ पुरावा नाही.

ती सनई मी ऐकली होती. माझ्या लग्नाची मिरवणूक नागोठण्याला आंबा नदीच्या काठाने निघाली तेव्हा जनूला नुकती मिसरूड फुटली होती. त्याने वरचा षड्ज असा धरला की काठावरच्या बायांनी धुणे तसेच पाण्यात सोडले आणि मुहूर्त टळत असूनही भटजी तोंडातून शब्द काढीनात. हल्ली मात्र याच ताफ्याचा ढोल सनईला गिळून टाकतो. लोकांची अभिरुची ढासळली असा माझा सिद्धांत होता, आणि त्यावरून मी नाथाशी अनेकदा भांडलो होतो.

नाथाने मसुदा ऐकून घेतला.

"भरतीच्या आदी कान चांगला व्हता, ह्ये लिवलंत. मंग बिघडला कवा, त्ये कसं दाखवनार?"

"तेच तुम्ही सांगायचे. सनईत फरक काय पडला?"

नाथाने जनूकडे पाहिले. जनू हाताच्या अंतरावर बसून सनईची पत्ती ओली करत होता. त्याला काहीच ऐकू आले नव्हते.

"वरचा सूर त्याला ऐकू येत नाय, वकीलसायब. म्हनून जोरानं फुकतो, नि सूर चढतो. त्यो चढला का आमी ढोल वाढवतो. ताफ्यात समद्यांना ठावं हाय. त्याला सोडून."

माझा सिद्धांत तिथेच संपला.

"हे लिहायलाच हवे," मी म्हणालो.

"लिवा, नि वाचून दावा त्याला! पेन्शन घरात येईल नि सनई घरातनं जाईल."

जनूची बायको बायजा भाकऱ्यांचे फडके सोडत होती. "आनखी किती वर्सं ढोल बडवशील, भावजी? खांदे बघ तुजे."

"तू गप बस गो!"

"गप बसूनच इतकी वर्सं गेली ना?"

जनूचे लक्ष आमच्या तोंडांकडे गेले. "काय रं, माजीच निंदा चाललीय ना?" असे हसत म्हणत त्याने माझ्या हातातला कागद घेतला. 'भरतीनंतर सनईत पडलेला फरक', या शब्दांपुढे कोरी जागा होती. ती पाहून त्याचे हसू मावळले.

"नाथ्या, ही जागा मोकळी का?"

नाथा ढोलाच्या दोऱ्या आवळू लागला. जनूने सनई कापडात गुंडाळली, बायजाच्या मांडीवर ठेवली आणि तो साहेबापुढे उभे राहावे तसा नाथापुढे ताठ उभा राहिला.

"मोठ्यानं सांग. बोर्डाचा निकाल कागदावर वाचला. ह्यो तरी ऐकून घेतो."

नाथाने गळ्यातला ढोल काढून खाली ठेवला. जनूच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तो साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाला,

"जन्या, तुजी सनई बेसूर हाय. फौजेतून आलास तवापासून."