अरुणाला कावळा शिवला

शुक्रवार पेठेत जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, मागच्या गल्लीत आण्णाप्पा पाटलांचं घर होतं, आणि त्या घरात कावळ्याचा फार वचक होता. तो ज्या बाईला शिवे तिनं चार दिवस मागच्या पडवीत चटईवर बसायचं. चुलीकडं फिरकायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, बस्तीत जायचं नाही. आण्णाप्पांची धाकटी लेक अरुणा नऊ वर्षांची होती. आई कधी, काकी कधी, अशा त्या पडवीत बसलेल्या ती बघायची. का म्हणून विचारलं की एकच उत्तर मिळायचं, कावळा शिवलाय.

हे नियम सांभाळायला आक्का होती. आक्का म्हणजे आण्णाप्पांची थोरली बहीण. तिला कोडोलीला दिली होती. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि हळूहळू सगळं घर तिच्या हाती गेलं. आण्णाप्पा शाहूपुरीत गुळाचे सौदे करताना व्यापाऱ्यांवर ओरडायचे, पण घरात आक्कापुढं त्यांचा आवाज निघत नसे.

मागच्या वर्षी आण्णाप्पांच्या धाकट्या भावाशी लग्न होऊन कागलहून विजयमालाकाकी घरात आली आणि अरुणाचे दिवस पालटले. काकी मॅट्रिक झालेली, हसरी. रोज सांजच्याला जेवणं उरकली की ती अरुणाची वेणी सोडून केसांना तेल लावत गोष्ट सांगायची. सध्या चाललेली गोष्ट एका राजकन्येची होती. एका चेटकिणीनं तिची सावली चोरून विहिरीच्या तळाशी लपवून ठेवली होती. राजकन्या दोर धरून विहिरीत उतरली, तिच्या पायाला पाणी लागलं, आणि पाण्यातून कुणीतरी तिचा अंगठा धरला. तिथं काकी थांबली. उरलेलं उद्या, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अरुणा शाळेतून पळतच आली, तर काकी चटईवर.

अरुणा पडवीच्या उंबऱ्यापाशी घुटमळली. तिथूनच पुढचं सांग म्हणून तिनं विनवलं, पण आतून आक्का आलीच. पोरगी बोलता बोलता जाऊन चिकटणार, मग सगळं घर धुवायला लागणार, असं म्हणून तिनं तिला हुसकलं. राजकन्येचा अंगठा अजून पाण्यातच होता. अरुणाला रात्री नीट झोप लागली नाही.

सकाळी दात घासताना तिला सुचलं. मागं एकदा आई आणि काकी एकदमच पडवीत बसल्या होत्या. दिवसभर दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता आणि आक्का काही म्हणू शकत नव्हती. म्हणजे शिवलेलीनं शिवलेलीजवळ बसायला हरकत नव्हती. तेव्हा करायचं एवढंच होतं.

तिनं भाकरीचा तुकडा कुस्करून डोक्यावर ठेवला आणि परसात हौदाच्या कट्ट्यावर डोळे मिटून उभी राहिली. कावळे लगेच आले, पण शेवग्यावर बसून नुसते बघत राहिले. माणसाच्या डोक्यावर जेवायची त्यांना सवय नव्हती. मान अवघडली, नाकावर माशी बसली, तरी अरुणा हलली नाही. शेवटी पंखांचा फडफडाट झाला, डोक्यात नखं रुतली, एक टोचा बसला, आणि तिच्या तोंडून आनंदाची किंकाळी फुटली.

नेमके त्याच वेळी सोप्यात कोडोलीचे पाहुणे बसले होते. आक्काचे दीर तात्यासो आणि त्यांच्याबरोबर गावचे दोघं जण, पूजेचं बोलावणं घेऊन आलेले. सासरची माणसं म्हणून आक्कानं डोक्यावरचा पदर नीट घेतला होता. अरुणा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि छाती पुढं काढून म्हणाली, "कुणी शिवू नका. मला कावळा शिवलाय."

तात्यासोंची बशी ओठाशीच थांबली. आण्णाप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. आक्का तिला आत ओढायला धावली आणि हात लांब केलेला तसाच ठेवून मध्येच थबकली, कारण आता शिवायचं कसं? स्वयंपाकघरातून आई आली. तिचा चेहरा उतरला होता. एवढ्या लहान वयात, असं काहीतरी पुटपुटत तिनं अरुणाला कोपऱ्यात बोलावून हळूच काहीतरी विचारलं. अरुणाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिनं डोकं खाली करून दाखवलं. केसांत भाकरीचा चुरा होता आणि कपाळाच्या वर लालभडक ओरखडा.

आईला आधी हसू फुटलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि डोळ्यांना पदर लावून हसत राहिली. मग पडवीतून काकीचं हसणं ऐकू आलं.

आक्का मात्र गंभीर होती. "आसला कावळा चालत न्हाय," ती म्हणाली.

"मग कसला चालतोय?" अरुणानं विचारलं.

आक्कानं पदर पुढं ओढला. पाहुण्यांसमोर काय सांगणार? सोप्यात तात्यासो बळेच खोकायला लागले. एवढ्या वर्षांत आक्काला उत्तर सुचलं नाही असं त्या घरानं प्रथमच पाहिलं.

"बस जा तिकडं," ती शेवटी म्हणाली.

काकीनं आधी ओरखड्यावर खोबरेल लावलं आणि मग गोष्ट पुरी केली. अंगठा धरला होता तो राजकन्येच्या सावलीनंच. तळाशी राहून सावली उंच झाली होती, शहाणी झाली होती, आणि आता राजकन्येच्या मापाची राहिली नव्हती. मला न्यायचं तर तुला वाढावं लागंल, असं तिनं सांगितलं. राजकन्या घाबरली, पण तिनं सावलीचा हात धरला. मग दोघी मिळून वर आल्या.

अरुणानं ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "काकी, आई का हसली?"

काकीनं एकदा दाराकडं पाहिलं आणि मग सरळ सगळं सांगितलं. मुलगी मोठी होते तेव्हा अंगात काय होतं, रक्त कुठून येतं, का येतं, त्याला भ्यायचं कारण का नाही. शाळेतला धडा सांगावा तसं, आवाज न लपवता. कावळ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

अरुणाला पहिल्यांदा राग आला तो आईचा. एवढे दिवस आपल्याला खोटं सांगितलं म्हणून तिचे डोळे भरले. मग परसातल्या कावळ्यांची दया आली. आणि मग, का कोण जाणे, अंगातून आनंदाची एक शिरशिरी गेली. आई, काकी, शाळेतल्या बाई, गल्लीतल्या साऱ्या बायका, सगळ्यांचं एक गुपित होतं, आणि ते आता तिचंही झालं होतं.

तेवढ्यात दाराआड लुगडं सळसळलं. आक्का तिथं कधीची उभी होती. आता ओरडणार म्हणून दोघी जवळ सरकल्या. पण आक्का पडवीच्या उंबऱ्यावर टेकली आणि कुणाकडं न बघता बोलू लागली.

"मला कुणी कावळा बी सांगितला न्हवता. लगीन होऊन कोडोलीला गेलतो. मला वाटलं, आता मी मरतोय. गवताच्या गंजीत जाऊन लपलो. आख्खं गाव कंदील घेऊन हुडकत हुतं."

"मग?" अरुणानं विचारलं.

"मग काय, सासूनं हुडकून काढलं आणि गूळ-शेंगा दिल्या खायाला." मग आक्का काकीकडं वळली. "विजे, ते पोटात कुठं आसतंय म्हणालीस, ते परत सांग बघू."

काकीनं परत सांगितलं. आक्कानं मान हलवत सगळं ऐकून घेतलं, मध्येच दोन प्रश्नही विचारले. आई स्वयंपाकघरातून हाका मारत होती, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

अरुणाची खरी वेळ आली ती सातवीत असताना, गणिताच्या तासाला. ती घाबरली नाही. बाईंच्या कानात सांगून दप्तर घेऊन निघाली आणि उन्हातून जवळजवळ नाचतच घरी आली. आक्कानं गल्लीभर बायका बोलवायचा घाट घातला होता, तो अरुणानं हाणून पाडला. पुरणपोळीला मात्र नाही म्हणाली नाही.

नियम काही मोडला नाही. जेवायच्या वेळी अरुणाचं ताट पडवीतच आलं. आत सगळी पानं मांडून झाली होती, आई तूप वाढत होती. आक्का आपलं ताट उचलून उठली, बाहेर येऊन अरुणापासून हातभर अंतरावर भुईवर बसली आणि आत हाक दिली की विजे, दूध हिकडं आण आधी, पोरीच्या पोळ्या गार हुत्यात.