पंतप्रधानांच्या बैठकीतला फळा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, पंतप्रधानांच्या बैठकीच्या खोलीतला. नाक मुरडू नका. भल्यामोठ्या पडद्यांच्या त्या खोलीत मला आणलं अर्थसल्लागार बाईंनी. "पडद्यावर काहीही खपतं," त्या म्हणायच्या. "खडूनं लिहिताना माणूस निदान विचार तरी करतो."

आमच्याकडे एक रीत होती. बैठक संपली की माझ्यावर जे उरलं असेल तेच सचिव नोंदवहीत उतरवून घ्यायचे. पुसलेलं म्हणजे कुणी बोललंच नाही. त्यामुळे शेवटची पाच मिनिटं मंत्र्यांचा डस्टरवर भारी जीव जडायचा.

निवडणूक तोंडावर आली आणि साहेबांनी, म्हणजे पंतप्रधानांनी, दुधाचा भाव हुकमानं निम्म्यावर आणायचं ठरवलं. बाई उठल्या. चारा, गोठा, वाहतूक असा खर्च लिहीत गेल्या आणि खाली ठळक लिहिलं: तीन महिन्यांत दुकानात दूध मिळणार नाही.

"बाई, लोकांना स्वस्त दूध मिळतंय तर तुम्ही का आडव्या येताय?" साहेब हसत म्हणाले.

"स्वस्त द्या ना. वरचा फरक सरकारनं भरावा. नुसता हुकूम काढलात तर गवळी गायी विकून मोकळे होतील."

"तेवढे पैसे नाहीत. पुसा ते."

"खरं आहे ते. मी नाही पुसणार. तुम्हाला पुसायचं तर पुसा."

साहेब स्वतः उठले आणि मला खसाखसा पुसलं. मला संताप आला, पण बाईंचा अभिमान त्याहून जास्त वाटला.

"नोंदीत काय लिहू?" सचिवांनी चाचरत विचारलं.

"साहेबांनी फळा पुसला, एवढंच लिहा," असं म्हणून बाई निघून गेल्या. सचिवांनी मान खाली घालून तेवढंच लिहिलं.

त्याच आठवड्यात बाईंची नोकरी गेली. दूध जायला तीन महिनेही लागले नाहीत. रिकाम्या बाटल्या घेऊन आलेल्या बायकांचा आरडाओरडा फाटकापासून आत ऐकू यायचा.

मग नवे सल्लागार आले. खडू उचलण्याआधी ते साहेबांना विचारायचे, "काय लिहू?" काल त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: दूध मुबलक आहे. शेवटचं अक्षर होताच मी खिळ्यांवरून सुटून खाली आलो. अपघात झाला म्हणे. अपघात कसला?

आता मी दोन तुकडे होऊन जिन्याखाली पडलोय. शेकोटीत घाला, माझी तक्रार नाही. पण सांधून पुन्हा लटकवायचं असेल, तर आधी बाईंना बोलवा. नाहीतर कितीही खिळे ठोका, मी पुन्हा पडेन.