इन्स्पेक्टर कोंबड्याची समाधी

आमच्या गल्लीतली पन्नास माणसं एकाच वेळी गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आक्काच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणावर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं, आणि मधोमध राखेच्या एका सरळ रेषेपुढे आमचा कोंबडा कुशीवर पडला होता. पाय ताठ, चोच रेषेच्या टोकाला टेकलेली, डोळा टक्क उघडा. ज्याला पकडायला एरवी तीन माणसं आणि एक पोतं लागतं, तो कोणीही धरलेलं नसताना हूं की चूं न करता पडून होता.

शेजारी मौनीबाबा बसले होते आणि बोलत होते. मौनीबाबा सकाळपासून बोलतच होते. खरं मौन आतून असतं, हे त्यांनी आल्या दिवशीच समजावून सांगितलं होतं आणि ते समजावायला त्यांना पाऊण तास लागला होता.

"समाधी लागली," बाबा म्हणाले. "आता याचा आत्मा मागच्या जन्मात गेलाय. मला दुकान दिसतंय. टोपल्या दिसताहेत. हा अंड्यांचा व्यापारी होता, सडकी अंडी ताजी म्हणून विकायचा. त्या पापाचा विळखा तुमच्या कोंबड्यांना पडलाय."

मग त्यांनी टाळी वाजवली. कोंबडा ताडकन उठला, पिसं झाडली आणि काही घडलंच नाही अशा थाटात दाणे टिपायला लागला. गर्दीने सुस्कारा सोडला. निवृत्त हेडमास्तरांनी डोळे मिटून हात जोडले. ते पाहून उरलेल्या सगळ्यांनी जोडले, कारण गल्लीत सर्वांत शिकलेले तेच.

मी मात्र जोडले नाहीत. मी त्याच हेडमास्तरांच्या शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळेचा परिचर होतो. म्हणजे प्रयोग दुसऱ्यांनी करायचे आणि काचा मी धुवायच्या. त्यामुळे विज्ञान मला अर्धंच येतं, पण जेवढं येतं तेवढं घासूनपुसून लख्ख आहे.

आता गल्लीची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे बारा घरं आणि प्रत्येक घराच्या परसात तीन-चार कोंबड्या. कोंबडा मात्र सगळ्या गल्लीत एकच, तो आक्काचा. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गल्लीची शिंपीण. मेहुणे गेले त्याच वर्षी तिला हे पिल्लू मिळालं. शिवणयंत्राच्या दिव्याखाली बटणांच्या डब्यात तिने ते वाढवलं. तो मोठा होऊन छाती काढून चालायला लागल्यावर मला शाळा तपासायला येणारे साहेब आठवले आणि मी त्याला इन्स्पेक्टर म्हणायला लागलो. नाव चिकटलं.

तर हा इन्स्पेक्टर गल्लीत पाळीने फिरायचा. रोज सकाळी एका घरी टोपलीतून जायचा आणि संध्याकाळी झोपायला परत आक्काकडे यायचा. कोणता दिवस कोणाचा, हे आक्काच्या दारावरच्या पाटीवर खडूने लिहिलेलं असायचं. ज्याच्या घरी तो जाईल तिथे त्याची जावयासारखी सरबराई. कारण गल्लीची पक्की समजूत होती की कोंबडा आला तरच कोंबडी अंडं देते. पाळी चुकली तर माणसं तणतणत यायची. एकदा दुकानदारीण आणि धोबीण यांच्यात पाळीवरून इतकं वाजलं होतं की मधे पडलेल्या हेडमास्तरांचा चष्मा गेला.

आणि या थंडीत अंडी बंद झाली. एका घरात नव्हे, सगळ्या गल्लीत. महिनाभर एक अंडं नाही. सगळ्यांच्या नजरा इन्स्पेक्टरकडे वळल्या. तो म्हातारा झाला, असं धोबीण म्हणाली. त्याचं मन उडालं, असं दुकानदारीण म्हणाली. तेवढ्यात मौनीबाबा दुकानदारिणीच्या ओट्यावर येऊन उतरले. ते म्हणे फक्त हवेवर जगायचे. आहार मानवलेला दिसत होता, कारण ओट्यावरून उठवायला त्यांना दोघांचा हात लागायचा.

बाबांनी उपाय सांगितला तो असा: कोंबडा त्यांच्या स्वाधीन करायचा. ते त्याला नदीपलीकडे नेऊन मुक्त करतील. चाळीस दिवसांच्या आत अंडी सुरू. याआधी सात गावांतले सात कोंबडे त्यांनी मुक्त केले होते. ते आता कुठे आहेत, असं मी विचारलं. मुक्त आहेत, असं उत्तर आलं.

मी सगळ्यांना सांगून पाहिलं की कोंबडी कोंबड्याशिवायही अंडं देते, कोंबडा फक्त पिल्लं व्हायला लागतो. यावर सगळी गल्ली पोट धरून हसली. धोबीण म्हणाली, "मामा, तुम्ही लग्न केलं नाहीत, तुम्हाला कसं कळणार." हेडमास्तरांनीही मान हलवली. कोंबड्याशिवाय अंडं नाही हा निसर्गनियम आहे, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला इन्स्पेक्टर द्यायचा असं ठरलं. आक्काला नकार देता येईना. बाराही घरांचे कपडे ती शिवते, बाराही घरांचं ओझं तिच्यावर. रात्री जेवताना तिने फक्त एवढंच विचारलं की नदीपलीकडे थंडी फार असते का.

सकाळी तिने त्याला शेवटचं पुसून काढायचं ठरवलं. त्याच्या तुऱ्याला थंडीने भेगा पडल्या होत्या, त्यांना तेल लावायचं होतं. कपडे बेतायच्या टेबलावर तिने त्याला कुशीवर घेतलं आणि तेल नीट लागावं म्हणून त्याची मान हलकेच टेबलाला दाबली. तिथे दुकानदारिणीच्या झग्याचं कापड पसरलेलं होतं आणि त्यावर खडूची रेघ मारलेली होती. जरा वेळाने आक्काने हात काढला. इन्स्पेक्टर तसाच पडून राहिला. पाय ताठ, डोळा टक्क उघडा.

"गेला रे," आक्का खालच्या आवाजात म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसली.

मी धावलो. त्याच्या छातीवर हात ठेवला तर आत धडधड चालू होती. मग मला राखेची रेषा आठवली. मी टाळी वाजवली. इन्स्पेक्टर टुणकन उठला, झग्याच्या कापडावर एक ठसठशीत शेरा मारून खाली उतरला आणि निघून गेला.

आक्काने माझ्याकडे पाहिलं. मी आक्काकडे पाहिलं. मग मी तीस वर्षांत जे कधी करायला मिळालं नव्हतं ते केलं. वही काढली, घड्याळ काढलं आणि स्वतः प्रयोग केला. राख टाकून इन्स्पेक्टर दीड मिनिट पडून राहिला. खडूची रेघ मारून पावणेदोन मिनिटं. रेघच न मारता, नुसती मान दाबून, तेव्हाही दीडच. बाबांचा मंत्र माहीत नव्हता म्हणून मी शिवणयंत्राचं हमीपत्र मोठ्याने वाचलं: "यंत्रास महिन्यातून एकदा तेल द्यावे, सुई वाकल्यास कंपनी जबाबदार नाही." त्यावर दोन मिनिटं दहा सेकंद. सर्वांत खोल समाधी हमीपत्राने लागली. मग आक्काने परसातल्या चारही कोंबड्या एकेक करून आणल्या. सगळ्या पडल्या. सडकी अंडी विकणारे एवढे व्यापारी एकाच परसात जन्माला आले असतील, हे मला पटेना.

"पाचपर्यंत कोणाला सांगू नकोस," आक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. कित्येक दिवसांनी हसत होती.

पाचला गर्दी कालच्या दुप्पट. बाबा झोळी घेऊनच आले होते. आक्का सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की कोंबडा देते, पण पापाचा विळखा आपल्या कोंबड्यांना कुठवर पडलाय ते आधी तपासू. प्रत्येकीने आपली एक-एक कोंबडी आणावी. बायका पळत गेल्या आणि काखेत कोंबड्या मारून आल्या. आक्काने प्रत्येकीच्या हातात शिंप्याचा एक खडू दिला, कोंबडी फरशीवर कुशीला कशी घ्यायची, मान कशी हलकेच टेकवायची आणि रेघ कशी मारायची ते दाखवलं. दोन मिनिटांत परसात अकरा कोंबड्या ओळीने पडल्या होत्या, टोकाला इन्स्पेक्टर. मी समोर उभा राहून गंभीर आवाजात हमीपत्र वाचत होतो. एखादी चुळबुळली की तिची मालकीण तिची मान पुन्हा टेकवत होती.

पहिल्यांदा धोबीण हसली. मग कुंपणावरची माणसं हसायला लागली. बाबांचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. "पाहिलंत," ते म्हणाले, "कोंबड्याचं पाप सगळ्या कोंबड्यांना लागलं. आता एक नव्हे, बाराही पक्षी मुक्त करावे लागतील."

मी सांगितलं की हे पाप नाही, भीती आहे. कोंबडीला कोणी पकडून जमिनीला दाबलं की तिचं अंग आखडतं. जंगली मांजराच्या तावडीत सापडलेलं पाखरू असंच मेल्यासारखं पडून राहतं, मांजराची पकड ढिली झाली की उडून जातं. रेघ, राख, मंत्र ही सगळी वरची सजावट. लोकांनी माना डोलावल्या. पण दुकानदारीण बाबांना सोडायला तयार नव्हती. समाधीचं राहू दे, ती म्हणाली, अंडी का बंद झाली ते सांगा. पुन्हा सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि नर्सबाई आत आल्या. केस विस्कटलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. त्या गल्लीच्या टोकाला राहतात, इस्पितळात रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. हा सगळा गोंधळ सुरू झाल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. कोंबड्याच्या पापामुळे अंडी बंद झाली आहेत, असं दहा जणांनी एकदम सांगितलं.

"माझीही बंद आहेत," नर्सबाई जांभई देत म्हणाल्या. "पण माझ्याकडे कोंबडा कधी आलाच नाही. मला दिवसा झोप हवी असते. पाटीवर माझं नावच नाही. आणि उन्हाळाभर माझी अंडी तुम्हीच नेलीत ना?"

सगळी गल्ली पाटीकडे पाहायला लागली. बारा घरं, अकरा पाळ्या. नर्सबाईंकडे कोंबडा जात नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. नर्सबाईंकडे अंडी मिळतात, हेही प्रत्येकाला ठाऊक होतं. या दोन गोष्टी इतकी वर्षं शेजारी-शेजारी राहिल्या आणि त्यांची गाठ कोणी घालून दिली नाही. मीसुद्धा नाही, आणि म्हणे माझं विज्ञान लख्ख.

मग नर्सबाईंनी परसात फिरणारी आक्काची एक कोंबडी उचलून तिच्या मानेखालची बोडकी जागा दाखवली आणि परसाच्या कोपऱ्यात साचलेल्या पिसांकडे बोट केलं. थंडीत दिवस लहान होतो, उजेड कमी मिळतो. कोंबड्या जुनी पिसं टाकून नवी उगवतात, त्यात त्यांची ताकद जाते, म्हणून अंडी थांबतात. दिवस मोठा झाला की पुन्हा देतील. एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना गप्प बसवण्यासाठी जोरात टाळी वाजवली.

टाळीने माणसं गप्प बसली, पण बारा पक्षी एकदम उठले. पुढचं अर्धं मिनिट परसात फक्त पिसं दिसत होती. इन्स्पेक्टर थेट बाबांच्या मांडीवर चढला, बाबा मागे कोसळले आणि झोळी उपडी झाली. हवेवर जगणाऱ्या माणसाच्या झोळीतून मिठाची पुडी, मिरपुडीची पुडी आणि नुकतीच धार लावलेली सुरी बाहेर पडली. सात कोंबडे कुठे मुक्त झाले ते त्या क्षणी सगळ्यांना कळलं. बाबांना पहिल्यांदाच खरं मौन लागलं. त्यांना ओट्यावरून उठवायला दोन माणसं लागायची, पण गल्लीच्या टोकापर्यंत ते एकटेच आणि फार चपळाईने गेले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हेडमास्तर शिकलेले पडले. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नसेल तर हा पाळायचा तरी कशाला, असं ते म्हणाले. आक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी त्याला माझ्या विज्ञानाने वाचवला होता आणि माझ्याच विज्ञानाने तो पुन्हा सुरीखाली आला होता.

आक्काने इन्स्पेक्टरला उचलून कडेवर घेतलं. पिल्लं हवी असतील तर तो लागतोच, ती म्हणाली. आकाशात घार दिसली की तो ओरडून कोंबड्यांना आडोशाला पाठवतो, चांगला दाणा सापडला तर स्वतः न खाता त्यांना बोलावतो. मग ती जमलेल्या बायकांकडे वळली.

"आणि एवढं करूनही कशाला पाळायचा असं वाटत असेल, तर तुमच्या घरातले कशाला पाळलेत ते एकेकीने आधी सांगा."

कुंपणावरचे नवरे हळूच खाली उतरून घरी गेले.

पहिलं अंडं धोबिणीच्या कोंबडीने दिलं. मी वहीत मोजलं, त्या संध्याकाळपासून तो अडतिसावा दिवस होता. बाबांनी चाळीस सांगितले होते. आम्ही इन्स्पेक्टर देऊन टाकला असता, तर आज गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर बाबांची तसबीर असती आणि मी कितीही ओरडलो असतो तरी कोणी ऐकलं नसतं, कारण अंडं समोर असतं. म्हणून माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे: कोणी चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी तो स्वतःच्या हाताने एकदा करून पाहा. आणि कोणी उपाय सांगितला, तर ज्याने तो उपाय केलाच नाही त्याच्या घरी काय झालं ते विचारून या. फार लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा तो गल्लीच्या टोकालाच राहतो आणि आपण त्याला झोपू देत नसतो.

पाटी अजून आक्काच्या दारावर आहे, पाळ्या चालू आहेत. आता माणसं अंड्यांसाठी नाही, पिल्लांसाठी इन्स्पेक्टरला नेतात. संध्याकाळी तो परत येतो आणि आक्का यंत्र थांबवून दार उघडते.