पुलाच्या अलीकडे

"हलवा," साहेब म्हणाला आणि त्याने माईच्या हातात एक कागदी झेंडा दिला.

माईने तो हलवला. साहेब खूश झाला तर सोडेल, असे तिला वाटले. पुलापलीकडे सुतारआळीत तिची एकुलती एक लेक सकाळपासून अडली होती. मूल आडवे होते. जावई धापा टाकत बोलवायला आला तेव्हा पूल मोकळा होता; सासू-जावई परत येईपर्यंत शिपायांनी तो दोर लावून बंद केला होता. ज्या परक्या राजाचे इथे राज्य होते, त्याचा मुलगा शहर पाहायला येणार होता.

"माई, स्वारी गेल्याशिवाय मुंगीसुद्धा सोडायची नाही, असा हुकूम आहे," इथलाच एक शिपाई ओशाळून म्हणाला होता.

"मुंगी नाही रे, सुईण आहे मी! तुला बाहेर काढला तेव्हा कुणाचा हुकूम घेतला होता?"

म्हणून त्याने साहेबाला बोलावले. साहेब तरुण होता, इथली भाषा तोडकीमोडकी बोलायचा. त्याने माईचे सगळे ऐकून घेतले, मान डोलावली आणि सांगितले, "सगळे थांबणार, तुम्हीपण थांबणार." मग झेंडा दिला. जावई शेजारी टोपी हातात घेऊन खाली बघत उभा राहिला.

स्वारी उशिरा आली. बग्गीतला राजपुत्र जांभई देत होता.

माई लेकीच्या घरी पोचली तेव्हा शेजारणी दाराबाहेर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, एकीने फक्त पदर तोंडाला लावला. आत जाऊन माईने लेकीच्या पोटावर हात ठेवला. सवयीने तिचे हात मूल कुठे आहे ते शोधू लागले. सापडलेही. मग तिने हात काढून घेतले.

पुढल्या आठवड्यात ती कचेरीत गेली. मोठ्या साहेबाने मान वर न करता विचारले, "तक्रार काय?"

"माझी लेक मेली. पूल बंद होता म्हणून."

"राजपुत्र रोज येत नाहीत, बाई. बाळंतपणं काय, रोजच होतात."

माई तशीच वळली. बाहेर येऊन ती पायरीवर थुंकली आणि त्या दिवसापासून तिने घरोघर बोलायला सुरुवात केली.

सुईणीला कुठल्याही घराचे आतले दार बंद नसते. कळा थांबल्या की ती बाळंतिणीला पाणी पाजायची आणि पुलाची गोष्ट सांगायची. झेंडा हलवल्याचेही सांगायची, गाळायची नाही. मूल हातात आले की मोबदला काय, म्हणून कुणी विचारले तर म्हणायची, "वेळ आली की याच्या बापाला पुलावर पाठव. तेवढंच."

"माई, आधी पोर तर बाहेर येऊ दे, मग बापाला ढकलते!" चांभाराची बायको कळा देता देता ओरडली होती. अख्खी खोली हसली. माई हसली नाही.

जावयाला मात्र ती सुखाने बसू देत नव्हती. तो बिचारा खाली मान घालून रंधा मारणारा माणूस. त्याच्या आईने त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली होती.

"करा की लग्न, जावईबापू," माई त्याच्या कारखान्यात उभी राहून म्हणाली. "टोपी तेवढी डोक्यावर घाला या वेळी."

"माई, मी दोर ओलांडला असता तर गोळी घातली असती त्यांनी."

"मग खायची होती."

त्याचा रंधा थांबला. तिला ते बरे वाटले.

पुढे बंडाची कारणे शाळेत शिकवू लागले: मिठावरचा कर, बंद पाडलेले माग, समुद्रापार लढायला जबरदस्तीने नेलेली तरणी पोरे. सगळी खरीच होती. ज्या वर्षी पोरे न्यायला लागले, त्याच वर्षी सगळे शहर पेटून उठले. पण त्या सकाळी सुतारआळीतून, चांभारआळीतून, विणकरांच्या चाळीतून निघालेला माणूस न सांगता पुलाकडेच का वळला, हे पुस्तकात कुठेच नाही.

पुलावर शिपायांनी पुन्हा दोर लावला होता. साहेब अजून तोच होता, फक्त छातीवर एक पदक वाढले होते. त्याने बंदूक रोखून हाक दिली. गर्दी थबकली. जावई थांबला नाही. हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन, न धावता, कामावर निघाल्यासारखा तो दोर ओलांडून गेला. पहिली गोळी त्याला लागली. तरी साहेबापर्यंत पोचायला लागणारी पावले त्याच्यात शिल्लक होती. दोघे एकाच जागी पडले.

शिपाई पळाले. लोक ओरडत, नाचत पलीकडे गेले. माई गर्दीतून वाट काढत आली ती आधी साहेबाकडे गेली. त्याच्या उघड्या डोळ्यांत बराच वेळ बघत उभी राहिली. ज्याची इतकी वर्षे वाट पाहिली ते समोर पडले होते, आणि तिला आणखी हवे होते. तो पुन्हा उठावा आणि पुन्हा पडावा, असे तिला वाटत होते. मग कुणीतरी तिचा दंड धरून तिला जावयाकडे वळवले.

दुपारी त्याला घरी आणून फळीवर ठेवले. बाहेर लोक त्याचा जयजयकार करत होते. माईने पाणी कोमट केले, मऊ कापड घेतले आणि त्याचे अंग पुसू लागली. तेवढ्यात विहीणबाई आल्या. लोकांनी त्यांना वाट करून दिली.

त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"आधी त्या साहेबाकडे गेलात म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुमची लेक देवाने नेली असं मी तरी म्हटलं नव्हतं. त्यांनीच मारली. पण माझा लेक तुम्ही पाठवलात."

"हो, विहीणबाई. मीच पाठवला."

माईने माफी मागितली नाही. मागितली असती तर ती खोटी ठरली असती. साहेबावरचा तिचा राग अजून तसूभरही उतरला नव्हता. तिने कापड पिळले आणि जावयाच्या मानेवरचे रक्त पुसू लागली.

विहीणबाई फळीजवळ आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"कापड द्या इकडे. कान मी पुसते. लहानपणापासून कानाला कुणाला हात लावू देत नव्हता."

माईने कापड दिले आणि पाण्याचे भांडे त्यांच्याजवळ धरून बसली.